बारा मिनिटं चाळीस सेकंदांवरची बाई

आमच्या स्टोअर रूममध्ये एक बाई बोलते, हे मला संचिताच्या फोनवरून कळलं. संचिता पुण्यात बसते, मी डोंबिवलीत राहतो, आणि आमची स्टोअर रूम सहा फूट बाय चार फूट आहे. तिच्यात मी, एक स्टूल, एक माइक आणि गव्हाचं पिंप एवढंच मावतं. बाईला जागाच नाही.

"सर, तिसरं प्रकरण, बारा मिनिटं चाळीस सेकंद," संचिता म्हणाली. "तिथे 'अगं बाई, फसली ही!' असं ऐकू येतंय. पुस्तकात हे वाक्य नाहीये, मी दोनदा तपासलं."

"कुणाचा तरी टीव्ही असेल."

"टीव्ही नाही सर. ती बाई आपली गोष्ट ऐकतेय. द्वारकाने दागिने काढून दिराच्या हातात दिले ना, बरोब्बर तिथेच बोलली."

संचिता ज्या कंपनीत आहे ती कंपनी पुस्तकं मोठ्याने वाचून घेते आणि लोकांच्या फोनवर ऐकायला सोडते. वाचणारा मी, आणि वाचलेलं तपासणारी संचिता. वयाने माझ्या भाचीएवढी, पण टेलिफोन खात्यातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एवढ्या चुका कुणी काढल्या नव्हत्या. "सर, इथे तुम्ही गिळलंत." काय गिळलं? तर आवंढा. चार मिनिटं दोन सेकंदांवर. माणसाने स्वतःच्या घरात आवंढासुद्धा गिळायचा नाही म्हणजे कमाल झाली!

हे दुपारचं काम. संध्याकाळचं काम त्याहून जुनं. गेली बावीस वर्षं मी आमच्या स्थानिक साप्ताहिकात पान पाचवर नाटकांची परीक्षणं लिहितो. हरिहर करंबेळकर हे नाव तुम्ही वाचलं नसेल तर तो दोष माझा नाही. पान पाच उघडावं लागतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत हौशी मंडळींचा प्रयोग मी सहसा सोडत नाही. कधी कधी रंगमंचावर माणसं जास्त आणि समोर कमी असतात, तरी तिसऱ्या रांगेत वही घेऊन मी हजर. नटमंडळी मला टरकून असतात. आमची ही, म्हणजे आसावरी, म्हणते की तसं काही नाही, मी मध्येच घोरायला लागेन एवढीच त्यांना धास्ती असते.

तर वेळापत्रक असं: सकाळी परीक्षण लिहायचं, दुपारी दोन ते चार पुस्तक वाचायचं, संध्याकाळी नाटक पाहायचं. कागदावर ते इतकं देखणं दिसलं की मी फ्रिजवर चिकटवलं. तिसऱ्या दिवशी आसावरीने त्यावर वाण्याची यादी लिहिली.

पुस्तक होतं एका दिवंगत लेखकाची चोवीस प्रकरणांची कादंबरी. खाडीकाठच्या घरातली द्वारका, तिचा आफ्रिकेला गेलेला नवरा, घरावर डोळा ठेवून बसलेला दीर आणि शाळामास्तर विसूभाऊ. विसूभाऊंच्या मनात काय आहे ते द्वारका सोडून सगळ्या गावाला ठाऊक. जुन्या वळणाची गोष्ट, वाचायला घेतली की लहानपणीच्या मे महिन्यात गेल्यासारखं वाटावं अशी.

माइक लावला आणि मला कळलं की आमच्या सोसायटीत शांतता नावाची वस्तूच नाही. अडतीस वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत तीन कुकर, एक मिक्सर, चौथ्या मजल्यावरची तबल्याची शिकवणी आणि खाली भंगारवाला. त्यात बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलेलं, म्हणून बिल्डरची माणसं अंगणात मशीन लावून माती तपासत होती. मी आधी कपाटात साड्यांमध्ये बसून वाचून पाहिलं. त्यात एका पैठणीला घाम लागला, आणि त्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते सुदैवाने माइक बंद असताना. मग स्टोअर रूमच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि सेक्रेटरींकडे अर्ज केला.

आमचे सेक्रेटरी सहदेवराव म्हणजे नियमावली पाठ असलेला माणूस. 'विषय: दुपारी दोन ते चार शांतता मिळणेबाबत' हे वाचून त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"हा राहत्या जागेचा व्यावसायिक वापर होत नाही ना, करंबेळकर?"

"अहो, मी पुस्तक वाचतोय."

"मोठ्याने वाचताय. मनात वाचत असतात तर सोसायटीला बोलायचा अधिकारच नव्हता."

विशेष सभा बोलावली गेली. तिच्यात माझा विषय सातवा होता आणि पहिले सहा पाण्याच्या टाकीचे. रात्रीची जेवणं थंड झाल्यावर ठराव क्रमांक सात मंजूर झाला: दोन ते चार कुकर, मिक्सर, तबला आणि मातीचं मशीन बंद. बदल्यात, माझा आवाज चांगला आहे म्हणून मागच्या वर्षभराची सगळी इतिवृत्तं मी मोठ्याने वाचून दाखवायची. दाखवली. कुणी दाद दिली नाही.

तरी दोन होड्यांवर पाय ठेवायचा त्रास होतोच. ठाण्याच्या एका नाट्यगृहात तिसऱ्या रांगेवर वातानुकूलन यंत्राचं तोंड आहे. तिथे एक फार्स पाहून आलो आणि घसा बसला. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधून ज्येष्ठमध, कंकोळ, हळदीचं दूध, आल्याचा रस, मिठाच्या गुळण्या आणि 'तोंड बंद ठेवा' असा सल्ला आला. शेवटचा सल्ला घरातूनच आला होता. त्याच गडबडीत मी फार्सच्या परीक्षणात लिहून गेलो की 'द्वारकाच्या भूमिकेतील अभिनेत्रीने संयत काम केले.' नाटकात द्वारकाच नव्हती. त्या मुलीचा फोन आला, "सर, मी नक्की कोण होते?" आणि त्याच आठवड्यात संचिताचाही आला, "सर, पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तुम्ही 'एकूण प्रयोग मध्यंतरानंतर रेंगाळला' असं म्हणालात. ते ठेवायचंय का?"

अशा मनःस्थितीत त्या बाईची भर पडली. तिसऱ्या प्रकरणानंतर ती सुटलीच. संचिताने यादीच पाठवली. चौथं प्रकरण: 'नको देऊ गो त्याला किल्ल्या.' पाचवं: नाक ओढल्याचा आवाज. सहावं, दिराच्या तोंडचं लांबलचक भाषण संपल्यावर, अगदी स्पष्ट: 'जळलं मेल्याचं तोंड.' समोरच्या रकान्यात संचिताने प्रत्येक वेळी 'अज्ञात स्त्री' असं नमूद केलं होतं.

आसावरीने यादी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या माणसाकडे असं पाहायची गरज नव्हती.

बातमी जिन्यातून वर गेली. सहदेवराव म्हणाले, बिल्डिंग व्हायच्या आधी या जागेवर विहीर होती. विहिरीचं पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, नुसती मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वास्तुशांत केली होतीत का? केली होती हो, अडतीस वर्षांपूर्वी, आणि त्या दिवशी यांनीच पुरणपोळ्या चापल्या होत्या. कुणी म्हणालं, आता बिल्डिंग पाडणार ना, तिचा जीव घाबरला असेल. हे मात्र मला लागलं. कारण बिल्डिंग पाडणार म्हटल्यावर माझाही जीव थोडा थोडा घाबरतच होता, फक्त मी कुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये बोललो नव्हतो.

शेवटी मी नाटकवाल्याची युक्ती केली. नवव्या प्रकरणात विसूभाऊ खाडीच्या धक्क्यावर द्वारकाला गाठतात. मी वाचलं, "विसूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, द्वारकाबाई, आज मला तुम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे..." आणि थांबलो. चांगला नट थांबतो तसा. पाच सेकंद. दहा सेकंद. गव्हाच्या पिंपात काहीतरी खुडखुडलं.

"पुढं?" वरून आवाज आला.

स्टोअर रूमला छताजवळ काचेच्या पट्ट्यांचा एक झरोका आहे. तो डक्टमध्ये उघडतो, बिल्डिंगच्या मधोमध पाइप जातात त्या अरुंद पोकळीत. गुदमरायला होतं म्हणून मी तो उघडा ठेवत असे. आवाज दुसऱ्या मजल्यावरून आला होता, आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या बरोबर डोक्यावर राहतात रखमाबाई.

मी तडक वर गेलो. सून प्राचीने ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. "काका, हळू बोला हं. आई जपाला बसल्यात. काचबिंदूने डोळे गेले, टीव्ही सुटला, तेव्हापासून उदास असायच्या. पण गेले तीन आठवडे बघा, दोनच्या ठोक्याला देवघरात. दोन तास हलत नाहीत. हे तर म्हणतात, आईला आता खरी भक्ती लागली."

त्यांचं देवघर म्हणजे त्यांची स्टोअर रूम. रखमाबाई पाटावर बसल्या होत्या, हातात माळ, तोंड देवांकडे आणि कान झरोक्याकडे. माळेचा मणी एकाच जागी. प्राची चहा टाकायला गेली आणि मी वाकून हळूच म्हटलं, "मावशी, तुम्हीच का त्या?"

"बस खाली," त्या म्हणाल्या. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "तो मास्तर काय म्हणाला तिला?"

"मावशी, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतो."

"येऊ दे. काय म्हणाला ते सांग."

"मला तुम्ही आवडता, असं म्हणाला."

"मेल्याला नऊ प्रकरणं लागली," रखमाबाई म्हणाल्या आणि एकदाचा एक मणी पुढे सरकला.

मी म्हटलं, असं चोरून कशाला, रोज हॉलमध्ये येऊन वाचून दाखवतो की. त्यांनी माझं मनगट धरलं. "नको रे हरिभाऊ. प्राचीला यातलं काही सांगायचं नाही. जपाला बसले म्हणून दोन तास कुणी हाक मारत नाही. आणि समोर माणूस बसला की मला रडता येत नाही. इथे कसं, एकटी असते."

मग त्यांनी विचारलं, "आम्ही टिटवाळ्याला जायच्या आधी संपेल ना रे?"

बिल्डिंग रिकामी करायची होती. आम्ही कोपरला भाड्याने जाणार होतो, रखमाबाईंचा सुदेश आईला घेऊन टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. त्यांचा टेम्पो दोन आठवड्यांनी सोमवारी ठरला होता. प्रकरणं राहिली होती पंधरा. मी म्हटलं, पुस्तक दिवाळीनंतर फोनवर येईलच, सुदेश लावून देईल.

"दिवाळीनंतर मी कुठं आणि तो फोन कुठं! आणि फोनमधला माणूस पुढे पळत सुटतो. तू कसा, चुकतोस, मग परत वाचतोस. मला नीट कळतं."

माझ्या वाचनाचं इतकं मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी शब्द दिला, संपवतो. खाली आल्यावर करारनाम्यातलं अकरावं कलम आठवलं: 'प्रकाशनापूर्वी सदर वाचन कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीस ऐकवू नये.' छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मी कचेरीची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी स्वतःची समजूत घातली की मी ऐकवत नाही, त्या ऐकतात, आणि झरोका सोसायटीच्या मालकीचा आहे.

रखमाबाईंनी कबूल केल्याप्रमाणे तोंडात पदर कोंबून ऐकायला सुरुवात केली. तीन प्रकरणं अगदी स्वच्छ गेली. मी संचिताच्या शाबासकीची वाट पाहत बसलो.

"सर, आवाज नाहीये कसलाच, छान," ती म्हणाली. "पण एक सांगू? रागावू नका. आधी जास्त रंगत होतं."

रागावू नका! बावीस वर्षं मी नटांना हेच लिहीत आलो, 'प्रयोग नीटनेटका पण रंगला नाही', आणि शेवटी तेही लिहीत आलो की रागावू नये. ते वाचून लोकांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

खरं सांगायचं तर मला नाटक वाचून-लिहून आवडायला लागलेलंच नाही. गणपतीत आमच्या आळीत बाकं जोडून स्टेज घालायचे, समोर सतरंज्या. बायका चारपासून मुलांना घेऊन पुढची जागा धरायच्या. मी पंधरा वर्षांचा असताना खलनायक झालो होतो, मिशा काजळाच्या. नायिकेचा हात धरला तर सतरंजीवरून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "सोड तिला, मुडद्या, तुझ्या आईला ओळखते मी!" मी घाबरून खरंच सोडला. पुढचा अंकच बदलला. दिग्दर्शकाने मला मागे नेऊन हाणला, पण त्या रात्री मला जे वाटलं ते नंतर कधी वाटलं नाही. आता लोक मुकाट्याने बघतात, मुकाट्याने टाळ्या वाजवतात आणि पार्किंगकडे पळतात. तशी माणसं गेली कुठे, असा प्रश्न मी पान पाचवर निदान दहा वेळा विचारला असेल. त्यातलं एक आमच्या डोक्यावर राहत होतं आणि मी त्याच्या तोंडात पदर कोंबायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी झरोक्याशी तोंड नेऊन मी म्हटलं, "मावशी, पदर काढा. बोला काय बोलायचं ते. मी थांबत जाईन."

मग काय विचारता! दिराला त्यांनी सात पिढ्यांसकट धुतलं. द्वारकाला ताप आला तर ओव्याचा काढा सुचवला. रेल्वेची माणसं द्वारकाचं घर मोजायला आली तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. संचिताला मी सांगून टाकलं की मधल्या मोकळ्या जागा काप, आणि काय ऐकलंस ते विसर. "सर, मी फक्त आवाज तपासते," ती शहाणी मुलगी म्हणाली.

सगळं जमून आलं असतं, पण मध्ये कल्याणची एकांकिका स्पर्धा आली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी दहापासून. मी ती सोडणं शक्य नव्हतं, कारण या वर्षी निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव होतं. रविवारी दुपारी साडेतीन वाजता, 'ज्येष्ठ नाट्यसमीक्षक हरिहर करंबेळकर यांचा सत्कार.' बावीस वर्षांत पहिला. खोटं कशाला बोलू, मी ती पत्रिका तीन वेळा वाचली आणि चौथ्यांदा सहदेवरावांना वाचायला दिली. आसावरीने नवा झब्बा आणला. मी भाषण लिहिलं. शुक्रवारी सतरा एकांकिका पाहिल्या, शनिवारी पंधरा, आणि तिथल्या गार हवेने पुन्हा घसा धरला. शनिवारी संध्याकाळी चोविसावं प्रकरण तेवढं शिल्लक होतं. ते रविवारी सकाळी वाचायचं, दुपारी सत्कार घ्यायचा, सोमवारी टेम्पोला हात दाखवायचा, असा हिशेब बसवला होता.

रविवारी सकाळी सुदेश जिन्यात भेटला. "काका, टेम्पोवाल्याला मी सोमवार सांगितलेला, आता तो बोलतो सोमवारी जमणार नाही. आज तीनला येतोय. आईला सांगा जरा, ती ऐकत नाहीये. सगळं सामान बांधून झालं, पण देवघराला हातच लावू देत नाही. देव शेवटी, म्हणते."

मी घाईघाईने स्टोअर रूममध्ये शिरलो आणि अंगणात मातीचं मशीन सुरू झालं. ठराव दोन ते चारचा होता. बिल्डरच्या माणसाकडे गेलो, त्याने ठराव क्रमांक सातची प्रत दाखवली. सहदेवरावांकडे गेलो, ते म्हणाले, ठरावात दुरुस्ती करायची तर चौदा दिवसांची सूचना लागेल. चौदा दिवसांत इथे भिंतीसुद्धा उरणार नाहीत, सहदेवराव! पण नियम तो नियम. म्हणजे दोनलाच वाचायचं. दोनला वाचायचं तर अडीचची रिक्षा चुकणार, आणि साडेतीनला कल्याणला पोचणं अशक्य.

आसावरी झब्ब्याला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "मी जात नाही."

तिने इस्त्री बंद केली. मला वाटलं आता पैठणीपासून सगळं निघणार. ती म्हणाली, "मावशींसाठी ना? मला ठाऊक आहे सगळं. स्वयंपाकघराचा झरोकाही त्याच डक्टमध्ये उघडतो. वाचा तुम्ही. मी कुकर लावत नाही."

अजून एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोललो नव्हतो. शेवटचं पान मी सकाळी चहाबरोबर वाचून ठेवलं होतं, आणि चहा अर्धाच राहिला होता. द्वारका अनेक वर्षांनी खाडीकाठच्या घराशी परत येते. दाराला दुसऱ्याचं कुलूप असतं. ती पायरीवर थोडा वेळ बसते, मग उठते आणि बंदराच्या वाटेला लागते. संपलं पुस्तक.

दोनला मशीन थांबलं. मी माइक लावलाच नाही. वाचत गेलो, आणि द्वारका घराच्या वळणावर आली. वरून रखमाबाई म्हणाल्या, "हरिभाऊ, जाते ना रे ती घरी? आत जाते ना?"

आता, नटाने नाटकाचा शेवट बदलला म्हणून मी एकदा ठाण्याच्या एका नटावर पाचशे शब्द लिहिले होते. 'संहितेशी बेइमानी' हे त्यातले सौम्य शब्द. पण मला तो प्रश्न ऐकवेना. मी सरळ रचायला लागलो. द्वारकाने कडी काढली. घर तसंच होतं. ओटीवर विसूभाऊ बसले होते. चुलीवर भात रटरटत होता. दिराने पाय धरले, क्षमा मागितली. भीतीने माणूस किती बोलतो! मी गोठ्यातली गाय व्यायला लावली, अंगणातल्या आंब्याला मोहोर आणला, आणि आफ्रिकेहून नवऱ्याचं पत्रही आणणार होतो, पण विसूभाऊ समोर बसलेले, म्हणून राहू दिलं. दहा मिनिटं मी एका दमात बोलत होतो. शेवटी द्वारकाने तिन्हीसांजेला दिवा लावला आणि मी 'समाप्त' म्हटलं.

मग रखमाबाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं वाचलंस."

"नाही हो मावशी, पुस्तकातच..."

"इतके दिवस तू पान उलटलंस की मला ऐकू यायचं. आत्ता एकदाही उलटलं नाहीस."

मी स्टुलावर बसून मान खाली घातली, शाळेत घालायचो तशी.

"सुदेश म्हणतो, आई, तीन वर्षांत नवी बिल्डिंग होते, मग आपण परत येऊ. प्राची म्हणते. तो सहदेव म्हणतो. मी सगळ्यांना हो हो म्हणते रे, त्यांना बरं वाटतं. ब्याऐंशी वर्षांची आहे मी. निदान तू तरी खरं वाच."

मी खरं वाचलं. दीड पान होतं. एकदा उलटलं. बसलेल्या घशाने वाचलं, आवंढे गिळले, एका वाक्याला थांबलो तो पुन्हा सुरू करायला वेळ लागला. संचिताने त्यातलं एकही वाक्य पास केलं नसतं.

"बसली ना पण थोडा वेळ?" वरून आलं.

"बसली. पायरीवर."

"मग ठीक आहे. चांगलं लिहिलंय त्याने," रखमाबाई म्हणाल्या. मग देवांची भांडी हलल्याचा आवाज आला आणि त्यांनी सुदेशला हाक मारली की आता घ्या देव.

तीनला टेम्पो आला. सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. कुणी चिवडा दिला, कुणी नारळ. जो तो म्हणत होता, आजी, तीन वर्षांत परत या हं, आणि रखमाबाई जिन्यात उभ्या राहून प्रत्येकाला हो हो म्हणत होत्या. माझ्याकडे मान वळवून त्या काहीच बोलल्या नाहीत. प्राची शेजारीच होती.

माझा फोन वाजला. कल्याणहून होता. "सर, कुठे आहात? शाल आणलीये, अध्यक्ष थांबलेत." मी फोन बंद करून खिशात टाकला.

सुदेश टेम्पोचं पुढचं दार उघडून उभा राहिला. रखमाबाई जिन्यावरून एकेक पायरी चाचपत खाली आल्या, आणि शेवटच्या पायरीवर खाली बसल्या.

"आई, काय होतंय? चक्कर येते का?" सुदेश धावला. प्राची पाणी आणायला पळाली. सहदेवराव म्हणाले, लिंबू द्या.

"काही होत नाही मला," रखमाबाई म्हणाल्या. "बसते थोडा वेळ."

कुणालाच काही कळेना. टेम्पोवाला घड्याळ बघायला लागला. मी पुढे झालो, सुदेशला म्हटलं, "थांब रे जरा, बसू दे," आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. नंतर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठल्या आणि टेम्पोकडे चालायला लागल्या.